साहेब इथं बसायचे

"हाच तो बाक," गाईड मुलगी म्हणाली. "साहेब इथं बसायचे."

म्हातारबुवांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. खिडकीलगतचा बुटका बाक. एका पायाखाली लाकडाची पाचर. सगळा देश ज्याच्या शब्दावर चालला, त्या माणसाने या एवढ्याशा फळीवर पाढे गिरवले होते.

"बसून बघता का?" गाईडने विचारलं.

"छे छे. आमची कुठली तेवढी पायरी."

पोरीचा आवाज कापत होता. अर्धी वाक्यं ती गिळतच होती. नवीन नोकरी असणार, म्हातारबुवांना वाटलं. निघताना ते तिला हळूच म्हणाले, "घाबरू नकोस. झकास सांगतेस." तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. हल्लीची पोरं फार हळवी.

बाहेर ताई गाडीचं दार धरून उभी होती. गाईडही पुढच्या जागा दाखवायला सोबत निघाली. ही ताई सकाळी त्यांच्या खोलीवर आली होती. केस पिकायला लागलेली, बोलायला गोड. साहेबांच्या जागा बघायला येता का, म्हणाली. नाही म्हणायला म्हातारबुवांकडे काही कारण नव्हतं. वर नशीब असं, की आज कुठेच गर्दी नाही.

"दमलात का?" तिने विचारलं.

"दमतोय कसला. अहो ताई, असे योग काय रोज येतात?"

तुरुंगात खुद्द मुख्य अधिकारी किल्ल्या घेऊन पुढे आला. कोठडीचं दार बुटकं होतं. म्हातारबुवा मान खाली घालून सहज आत गेले. मागून आलेल्या गाईडचं कपाळ मात्र चौकटीवर आपटलं.

"लागलं का गं?" म्हातारबुवांनी विचारलं.

"नाही," ती कपाळ चोळत म्हणाली आणि सांगायला लागली. साहेबांसमोर रोज माफीचा कागद ठेवला जायचा. सही करा, घरी जा. साहेब त्या कागदाची पुडी वळायचे, तिच्यात भाकरीचा चुरा साठवायचे आणि झरोक्यात येणाऱ्या चिमण्यांना घालायचे. असं कित्येक वर्षं.

म्हातारबुवांनी वर झरोक्याकडे पाहिलं. तळहाताएवढं आभाळ. फरशीचा गारवा चपलेतून पायात चढत होता. त्यांनी भिंतीला हात लावला आणि देवळात बोलावं तशा आवाजात विचारलं, "घरी कोण होतं त्यांच्या?"

गाईडने ताईकडे पाहिलं.

"बायको होती," ताई म्हणाली. "आणि मुलगी. ते आत गेल्यावर जन्मलेली."

"अरेरे. मग?"

"सुटून आले तेव्हा ती शाळेत जायला लागली होती. दारात दाढीवाला अनोळखी माणूस बघून ती पलंगाखाली जाऊन लपली. आईने परोपरीने समजावलं. पोर हटून बसली. म्हणाली, हे माझे बाबा नाहीत."

"साहेब काय म्हणाले?"

"काहीच नाही. दुसऱ्या दिवशी दौऱ्यावर गेले. मग दौरेच."

म्हातारबुवा चुकचुकले. 

शेवटची जागा म्हणजे एक सभागृह. उंच खिडक्या, मधोमध लांबलचक टेबल. दारात शिपाई ताठ उभा. गाईडचा आवाज आता बराच सुधारला होता.

सरहद्दीवर दोन्हीकडची सैन्यं समोरासमोर उभी होती तेव्हाची गोष्ट. बोलणी फिसकटली. पलीकडचे लोक खुर्च्या सरकवून उठले. तेव्हा साहेबांनी दाराला आतून कडी घातली आणि त्याच दाराला खुर्ची लावून बसले. म्हणाले, आपण इथून उठलो की बाहेर पोरं मरायला लागतील, तेव्हा बसा. उजाडलं तरी ते हलले नाहीत. अखेर तह झाला.

"त्या दिवशी जे मरणार होते," गाईड म्हणाली, "ते पुढे म्हातारे होऊन मेले. माझे आजोबा त्यांतलेच."

म्हातारबुवांच्या अंगावर सरसरून काटा आला. असा माणूस आपल्या हयातीत होऊन गेला आणि आपण उगाच खाऊनपिऊन दिवस काढले. ते भिंतीकडच्या बाकड्यावर टेकले. ताई शेजारी बसली.

"एवढा मोठा माणूस," ते म्हणाले. "पण माझ्या डोक्यातून ती पलंगाखालची पोर काही जात नाही. लेकरानं ओळखलं नाही, त्यात लेकराचा काय दोष? बापाने वाकून दोन शब्द बोलायला हवे होते."

"वेळ नव्हता त्यांना."

"दाराशी रात्रभर बसायला होता की. पलंगाशी बसायचं." म्हातारबुवांनी मान हलवली. "मला भेटले ना कधी, तर तोंडावर सांगेन. साहेब, देश सावरलात, आता त्या पोरीला जवळ घ्या."

ताईने तोंड फिरवलं. तिचे खांदे गदगदत होते. परक्या बाईमाणसाला काय समजवायचं, म्हातारबुवांना सुचेना. त्यांनी बिचकतच तिच्या डोक्यावर हात ठेवला. तिने तो तिथेच दोन्ही हातांनी धरून ठेवला.

दारातला शिपाई पुढे झाला आणि त्याने टाचा जुळवल्या. "साहेबांची गाडी लागलीय."

म्हातारबुवा दचकून उभे राहिले. "म्हणजे आहेत अजून? इथे आहेत?" त्यांनी घाईघाईने कोटाची बटणं लावली, भिंतीला चिकटून वाट मोकळी केली आणि मान लववली. पण कोणाच्याच पावलांचा आवाज येईना. त्यांनी नजर वर केली. शिपाई, गाईड, दारापलीकडची सगळी माणसं ताटकळत उभी होती.

"चला, बाबा," डोळे पुसत ताई म्हणाली. "तुम्ही पुढे झाल्याशिवाय इथलं कोणी हलायचं नाही."