मऊ पिन

ऑरिनच्या जुन्या मिलिटरी ट्रकचा पीटीओ फुटला होता. इंजिनाची ताकद ओंडके ओढणाऱ्या विंचला पोचवतो तो हाच. मेकॅनिक व्हर्नाने त्याचे गिअर बदलले आणि विंच उघडली. ओढ जास्त झाली तर विंचची तार तुटायच्या आधी स्वतः तुटेल अशी मऊ पिन तिथे असते. ऑरिनने तिच्या जागी कडक बोल्ट ठोकला होता.

"पिन सारखी तुटते गं," तो म्हणाला. "दिवसातून चारदा कोण बदलत बसणार?"

"क्लाइड गेला तेव्हाही हाच बोल्ट होता?"

"जाऊ दे ना आता ते."

तार तुटून व्हर्नाचा भाऊ क्लाइड जागीच गेला होता. बोल्ट क्लाइडनेच घातला, असं ऑरिनने चौकशीत सांगितलं होतं.

व्हर्नाने खिशातून नवी मऊ पिन काढली. "हल्ली तारेपाशी कोण उभं राहतं?"

"मीच. क्लाइडनंतर कोणी तयारच होत नाही."

तिने पिन परत खिशात टाकली. त्याचा बोल्ट नीट पुसला, जागेवर बसवला आणि घट्ट आवळला.

"तुझंच बरोबर आहे, ऑरिन. चारदा कोण बदलत बसणार?"