खिळ्यावरचा शर्ट

“एवढ्या उंच वाळत घातलेले कपडे काढते कोण मग?” छताकडे बघत शेवंताबाईंनी लेकाला विचारलं.

जर्मनीतली ही कोळशाची खाण बंद पडून तिचं संग्रहालय झालं होतं. कामगारांच्या कपडे बदलायच्या दालनात साखळ्यांना शर्ट-पँटी लोंबत होत्या. माहिती देणारी मुलगी बोलत होती, लेक मराठीत सांगत होता. खाणीत उतरण्याआधी प्रत्येकजण घरचे कपडे साखळीनं वर चढवायचा आणि पाळी संपली की ओढून घ्यायचा. ज्याचे वरच राहिले, तो खालीच राहिला असं समजायचं.

चंद्रपूरच्या खाणीत पाणी शिरलं तेव्हा हा लेक पाळण्यात होता. नवऱ्याचा देह हाती लागला नाही, म्हणून शेवंताबाईंनी कुंकू पुसलं नाही. कामाला जाताना त्यानं खिळ्याला अडकवलेला शर्टही तसाच होता. भिंतीला चुना देताना त्या तेवढी जागा सोडायच्या.

“वर राहिलेले कोण काढायचं, विचार तिला.”

“घरचं माणूस. बहुतेक बायकोच, म्हणते.”

“अन् तिनं नाहीच काढले तर?”

लेकानं विचारून सांगितलं, “मग नव्या कामगाराची पंचाईत. साखळ्या मोजक्याच होत्या.”

“आपला खिळा कोणाला लागत नव्हता, म्हणून चालून गेलं,” शेवंताबाई म्हणाल्या. “घरी गेल्यावर काढते.”

त्यांनी पदरानं तोंड पुसलं. एरवी कपाळ सोडून पुसायच्या, आज सोडलं नाही.