काय खांदा आहे गं पोराचा!

दोह्यात अबू हमूरला आमच्या शेजारी राहणाऱ्या अफशांचा मुलगा हारिस फास्ट बॉलर होता. कतारच्या सतरा वर्षांखालच्या टीममध्ये फास्ट बॉलरची एकच जागा उरली होती आणि जो तो म्हणायचा, हारिसच जाणार. माझा काशिफ दुसरा. कायम दुसरा.

आम्हा रत्नागिरीकरांत कुणाच्या पोराचं कौतुक केलं की लगेच 'माशाल्ला' म्हणायचं असतं, नाहीतर पोराला नजर लागते. त्या शुक्रवारी मॅचमध्ये हारिसनं पाच विकेट काढल्या आणि अफशां माझ्याकडे बघून हसली. माझा जीव नुसता जळत होता. मी म्हटलं, "काय खांदा आहे गं पोराचा!" आणि 'माशाल्ला' मुद्दाम गिळला.

पुढच्याच शुक्रवारी बॉल टाकताना हारिसचा तोच खांदा निखळला. डॉक्टरांनी सांगितलं, सहा महिने बॉलला हात लावायचा नाही. पुढच्या वर्षी तो वयात बसणार नव्हता. खलास! जागा काशिफला मिळाली.

मी शिरखुर्मा केला, सगळ्यांना घरी बोलावलं. अफशांही आली. तिनं काशिफला जवळ बोलावलं आणि त्याच्या उजव्या खांद्यावरून सावकाश हात फिरवला.

"काय खांदा आहे गं पोराचा!"

मी तिच्या तोंडाकडे बघत थांबले.



तिनं शांतपणे शिरखुर्म्याचा पुढचा चमचा तोंडात घातला.