चाळीस सेकंद

धाकटीने भिंतीवरच्या घड्याळातले सेल काढून स्वयंपाकघरातल्या रेडिओत घातले. रेडिओतले कुणी काढले होते कोण जाणे! सकाळी तर तो व्यवस्थित बोलत होता.

“कशाला खटाटोप करतेस?” बाहेरच्या खोलीतून बाबा ओरडले. “मी ऐकतोय ना फोनवर.” त्यांच्या दोन्ही कानांत इअरफोन होते.

“तुमचं शिळं असतं!”

ते खरंच होतं. स्टेशन एकच, बातमी एकच. पण रेडिओला ती टॉवरवरून थेट मिळायची आणि फोनवर इंटरनेटवरून चार ठिकाणी थांबत थांबत यायची. फरक चाळीस सेकंदांचा. मॅचच्या वेळी धाकटी विकेटची आरोळी आधीच ठोकायची आणि बाबा उशी फेकून मारायचे. मग दादा मध्ये पडून उशी जप्त करायचा.

दादा परवापासून बोगद्यात होता. खोदकाम चालू असताना छत कोसळलं आणि अकरा कामगार आत अडकले. आई मामाबरोबर बोगद्याच्या तोंडाशी बसून होती.

“आईचा फोन?” धाकटीने विचारलं.

“रेंज नसते गं तिकडे. तू आधी जेवून घे बघू.”

“संध्याकाळी सहाला कोण जेवतं, बाबा?”

बातम्या लागल्या. जिवंत बाहेर काढलेल्या सात जणांचे हेल्मेट नंबर निवेदिका वाचू लागली. धाकटीने ओट्याची कड घट्ट धरली. दादाचा नंबर एकतीस. निवेदिका सव्वीसवर आली आणि तिथून थेट अडतीसवर गेली. तो सातवा. उरलेल्या चौघांना वाचवता आलं नाही, असं ती म्हणाली.

धाकटीने रेडिओ बंद केला.

बाबांचा मुलगा अजून चाळीस सेकंद जिवंत होता.

ती धावतच बाहेर गेली आणि त्यांच्या खुर्चीच्या हातावर बसली. “बाबा, गेल्या आठवड्यात शाळेत काय झालं माहितेय? गणिताच्या सरांनी एवढं लांबलचक उदाहरण घातलं, की फळाच संपला. मग त्यांनी उत्तर भिंतीवर लिहिलं!”

“भिंतीवर?”

“खडूने! तेवढ्यात हेडमास्तर आले. बघत राहिले आणि म्हणाले, निदान बरोबर तरी लिहायचं!”

बाबा हसले. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. “सरांचं तोंड कसं झालं गं?”

“खडूसारखं!”

ती मनात मोजत होती. एकोणचाळीस. चाळीस. बाबांचा चेहरा बदलला नाही. साठ. ऐंशी.

“थांबलीस का? आणखी सांग ना,” बाबा म्हणाले.

फोन मध्येच अडकला असेल, म्हणून तिने हळूच त्यांच्या कानातला एक इअरफोन काढून आपल्या कानाला लावला. काहीच ऐकू येत नव्हतं. तिने त्यांच्या मांडीवरचा फोन उचलला. बातम्या लागलेल्याच नव्हत्या. कॉलची यादी उघडी होती. सगळ्यात वर आई. दुपारी दोन वाजता. अठरा मिनिटं.