उन्हाची रांग

टॉवरवाल्यांनी शहराचं ऊन चोरलं होतं. काचेच्या नळ्यांतून ते थेट त्यांच्या पोहण्याच्या तलावांवर पडायचं. खाली बोगद्यात राहणाऱ्यांना एका तडकलेल्या नळीतून सांडेल तेवढं, पाटाएवढं ऊन. त्यासाठी रोज रांग लागायची.

शेवंताचं नुकतं जन्मलेलं पोर काविळीनं हळदीसारखं पिवळं पडलं होतं. त्याला घेऊन ती रांगेच्या शेवटी उभी राहिली.

"ए बये, तिथं काय करतेस?" गुडघे शेकायला पुढे बसलेला दगडूआप्पा ओरडला. "ठेव पोराला उन्हात!"

"आणि तुमचे गुडघे, आप्पा?"

"ते झालेच म्हातारे. ह्याला अजून व्हायचंय."

मग पोर बरं होईपर्यंत रांग लागलीच नाही. पोराच्या डोळ्यांतला पिवळेपणा गेला, त्या दिवशी शेवंतानं उन्हाकडे पाठ केली आणि सगळ्या बोगद्याला हात जोडले.