चिन्नोरचा भात

"उद्या सुट्टी टाक, प्रेरणा," फोन ठेवून उदाराम सुनेला म्हणाला. "पाहुणे येऊन राहिले."

"कोण जी, मामाजी?"

"आहेत कोणी."

एरवी कामावर एकही खाडा न करणाऱ्या प्रेरणाने सुट्टी मागून घेतली.

देवरीच्या वाटेवर दवाखान्यांचा कचरा जाळायची भट्टी आहे. डिझेल वाचवायला ती अर्धीच तापवायचे, आणि काळा धूर थेट उदारामच्या घरावर. त्याची बायको सुशिलाबाई खोकून खोकून अर्धी झाली होती. सून त्याच भट्टीवर पिशव्या निवडायला जायची. गावात दुसरं काम कुठलं? उदारामने मात्र प्रदूषण मंडळाकडे अर्जांवर अर्ज केले.

तपासणीला तक्रारदार हजर हवा, म्हणून मंडळाचे साहेब आदल्या दिवशी फक्त त्यालाच कळवत. त्यानेही तोंडाला कुलूप घातलं होतं. बायकोलासुद्धा पत्ता लागू दिला नाही. पण एवढ्या लांबून आलेला माणूस उपाशी कसा पाठवायचा? साहेब नको नको म्हणायचे, आणि प्रेरणाच्या हातचा चिन्नोरचा भात नि माशांचा रस्सा दोनदा मागून घ्यायचे.

तिसऱ्यांदाही तेच झालं. भट्टी रसरसलेली, चिमणीला धूर नावालाच. साहेबांनी 'नियमानुसार' असं लिहिलं, जेवले आणि गेले.

चुगली कोणी केली? भट्टीच्या फाटकावरचा छोटेलाल, दुसरा कोण! लहानपणापासूनचा दोस्त. उदारामने त्याच्याशी बोलणं टाकलं.

दिवाळीच्या आधी सुशिलाबाई गेली. आपल्याच्याने तिच्यासाठी एवढंही झालं नाही, ही खंत उदारामला घास गिळू देत नव्हती. तेरवीला छोटेलाल दारात दिसला, तेव्हा त्याचा तोल सुटला.

"आता काय पाहाले आलास? तूच सांगत होतास ना मॅनेजरले?"

छोटेलालने दारातून नजर टाकली. आत प्रेरणा पंगतीला वाढत होती. त्याने आवाज खाली आणला.

"मलेच कुठं मालूम राहे, उदाराम? मॅनेजर हजेरी पाहे, अन् भट्टीवाल्याले म्हणे, 'उदाराम की बहू ने छुट्टी माँगी है. कल साहब आ रहे हैं.'"