चार राजांचा पलंग

“या पलंगावर चार राजे वारले. जन्मलं मात्र कुणीच नाही. राण्या बाळंतपणाला माहेरी जायच्या,” राजवाड्याचे गाईड सोनटक्के सांगत होते.

“मीपण माहेरीच निघालेय,” गर्दीतली गरोदर बाई हसली आणि एकदम पोट धरून खाली बसली. कळा सुरू झाल्या होत्या.

सोनटक्क्यांनी पलंगाभोवतीची दोरी सोडली. “इथं झोपवा.”

“नको, इथं सगळे मेलेत,” ती कळवळली.

“अगं, या पलंगालाही एकदा बाळ बघू दे,” सोनटक्के म्हणाले.

बायकांनी ओढण्यांचा आडोसा धरला. त्यातली एक नर्स निघाली. थोड्याच वेळात बाळाच्या रडण्यानं दालन दणाणलं.

दुसऱ्या दिवशी सोनटक्के छाती काढून उभे. “या पलंगावर चार राजे वारले आणि काल एक मुलगी जन्मली. तिचे वडील बाहेर आपल्या रिक्षापाशी पेढे वाटतायत, घेतल्याशिवाय जाऊ नका.”